दीपगृहातला दंतवैद्य

परवा दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून पडले होते आणि एकदम हसू फुटलं. आठवण होतीच तशी.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमचे हे एका साप्ताहिकात जगभरातल्या नव्या कादंबऱ्यांची परीक्षणं लिहीत. लेखकाचं नाव नि देश पाहून मत बनू नये, म्हणून पुस्तक घरात आलं की सासूबाई त्याला खाकी कव्हर घालत आणि आतलं नावाचं पान डिंकाने चिकटवून टाकत. परीक्षण लिहून झालं की मगच ते पान सोडवायचं. "न्यायाधीश आहे तुझा नवरा," सासूबाई म्हणत. मला मात्र घरभर खाकी विटा दिसत.

एकदा संपादक घरी आले. "साहेब, तुमचं पान कुणी वाचत नाही हो. या वेळी एकही पत्र आलं नाही, तर तिथे राशिभविष्य टाकतो."

यांचं तोंड एवढंसं झालं. त्या पानात त्यांचा जीव होता. जेवताखाता वाचून त्यांनी झपाटल्यासारखं परीक्षण लिहिलं नि छापायला धाडलं. मागाहून मी आवराआवर करते तो काय, एक खाकी पुस्तक उशाशी, दुसरं गॅलरीतल्या खुर्चीत!

"अहो, तुम्ही नक्की कुठलं वाचलंत?"

"दोन आहेत?" हे दोन्ही उघडून पाहू लागले.

गॅलरीतल्या पुस्तकात दीपगृह सांभाळणारी विधवा, उशाशी शहरातला दंतवैद्य. परीक्षणात यांनी लिहिलं होतं, 'विधवा मध्येच दंतवैद्य होते, ही लेखिकेची झेप थक्क करते.' वर नाव विधवेच्या पुस्तकाचं.

"अंक छापूनही झाला असेल. संपलो मी!"

"कसला संपतोस? एक विधवा, एक दंतवैद्य. दे लग्न लावून," सासूबाई म्हणाल्या.

अंक निघाला आणि पत्रांचा ढीग पडला. लोकांनी पुस्तक मिळवून वाचलं होतं. 'दंतवैद्य कुठे आहे?' एकाने विचारलं. एका निवृत्त प्राध्यापकांनी ठणकावलं, 'आहे, पण उथळ वाचकाला दिसत नाही.' मग काय, वाचकांत जुंपलीच.

संपादक धापा टाकत आले. "पान कायम! मीही वाचलं, साहेब. तो दंतवैद्य म्हणजे मृत्यूच ना?"

"अर्थात," हे गंभीरपणे म्हणाले.

सासूबाईंनी आपलं बोळकं पसरलं. "अरे, मग मी मेले की केव्हाच!"