वाळवंटी गाडीची जलपरीक्षा

लीड्सच्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देणाऱ्या पद्माकररावांनी १९९४ साली मागे उघडा हौदा असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेतली, तेव्हा ती बरी चालत होती. मग त्यांनी तिला ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटासाठी सजवायला घेतलं.

आधी कांगारू अडवायला पुढे लोखंडी बार बसवला. लीड्समध्ये एकही कांगारू आडवा आला नाही, म्हणजे बारचा गुण लगेच आला. इंजिनाला पाण्यातही श्वास घेता यावा म्हणून छतापर्यंत नळी नेली. पाठोपाठ रुतलेली गाडी तारेनं ओढून काढणारं विंच, दोन जादा टायर, पाण्याच्या टाक्या. खडकांना पोट घासू नये म्हणून स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच उचलली. मग हौद्यात कुकर, स्टोव्ह, भाजणीचे, चिवड्याचे आणि दोन लोणच्यांचे डबे चढले, आणि गाडी तीन इंच खाली बसली.

"म्हणजे फॅक्टरीतून निघाली तेव्हापेक्षा एक इंच खाली," त्यांची बायको सुनीती म्हणाली.

पण सगळं नॉर्मनच्या हातात होतं. हा रिटायर्ड सर्व्हेअर पुढच्या उन्हाळ्यात आठ गाड्यांचा ताफा तिकडे नेणार होता. सात गाड्या ठरल्या होत्या. आठव्या जागेसाठी एकच परीक्षा होती: यॉर्कशरच्या माळावरची नदी ओलांडून दाखवायची. जागा मिळाल्याचं पद्माकररावांनी महाराष्ट्र मंडळात आधीच सांगून टाकलं होतं. निरोपसमारंभही उरकला होता, शाल-श्रीफळासकट.

"पाण्यात थांबायचं नाही," काठावरून नॉर्मन म्हणाला. "बाकी काहीही करा."

गाडी झकास निघाली. मधोमध आल्यावर पद्माकररावांनी ब्रेक दाबला, काच खाली केली, दहा पेन्सचं नाणं नदीत टाकलं आणि डोळे मिटून हात जोडले. नदी लागली की लहानपणापासून ते हेच करत आले होते. तेवढ्यात चाकांखालची रेती वाहून गेली आणि गाडी आरामात बसली.

"अहो, नाणं चालत्या गाडीतून टाकतात," शेजारच्या सीटवरून सुनीती म्हणाली. "मुक्काम कोण करतं?"

"घाईत नमस्कार पोहोचत नाही."

"तुमचा पोहोचला. आता आपलं बघा."

पद्माकरराव मांडीभर पाण्यात उतरले आणि विंचचा आकडा घेऊन झाड शोधू लागले. झाड नव्हतं. मेंढ्या होत्या. त्यातली सगळ्यात भक्कम कुठली, याचा ते विचार करत असताना मागे इंजिनाचा आवाज चढला. सुनीती ड्रायव्हरच्या सीटवर सरकली होती. ती डेल्स नावाच्या तिथल्या डोंगरदऱ्यांतली फॅमिली डॉक्टर. बारा वर्षं चिखला-बर्फातून शेतघरांवर व्हिजिटला जायची, तीही एका जुन्या, इवल्याशा मोटारीतून. तिनं गाडी हातभर मागे घेतली, हातभर पुढे, पुन्हा मागे, आणि सावकाश पलीकडे काढली. नवऱ्याला वळसा घालून.

नॉर्मननं वही उघडली. "आठवी गाडी पास. ड्रायव्हर, डॉक्टर सुनीती."

"आणि मी?" पद्माकररावांनी नदीतूनच विचारलं.

"ताफ्याला स्वयंपाकी हवाय. तुम्हाला येतो?"

पद्माकररावांना चहा येत होता, तोही दूध कुणी तापवून दिलं तर. पण मंडळात परत तोंड दाखवायचं होतं.

"किती जणांचा?"

"सोळा."

"सोळा म्हणजे काहीच नाही," पद्माकरराव म्हणाले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोकडे आदरानं बघितलं.