कणगीतले हात

बाईजा कंबरेपर्यंत कणगीत वाकली होती आणि ओसरीवरून सासूच्या, गुणाबाईच्या, हाका चालल्या होत्या.

"अगो, भात काढतेस का आत बसून पेरतेस? कवाची गेलीस ती."

"आले, आत्याबाय."

आले म्हणाली खरी, पण हात बाहेर निघेनात. भाद्रपद लागला की कणगी तळाला जाते. पाटावर उभं राहून पार आत ओणवावं, तेव्हा कुठं भाताला हात पोचतो. बाईजानं दोन्ही हात कोपरापर्यंत भातात खुपसले होते. आत गार असतं. दाणे मुठीत येतात, बोटांच्या फटींतून निसटतात, थोडे टोचतात. असं घटकाभर राहिलं की आधी हातांचा कंप उतरतो, मग छातीतली धडधड बसते आणि कोरड्या पडलेल्या जिभेला जरा ओल येते. हा उपाय तिला ना कुणी वैद्यानं सांगितला होता ना भगतानं. नव्या नवरीपणी भात काढायला धाडली असता तो तिला आपोआप सापडला आणि तिनं तो कुणाला सांगितला नाही. त्या घरात तिच्या एकटीच्या मालकीचं एवढंच होतं.

सण आला की डोळखांबाकडच्या त्या पाड्यातल्या बायका पेटीतली लुगडी काढत, आणि बाईजा आपली धडधड काढी. एरवीही ती मनानं घाबरीच. निखारे झाकले का, गाय बांधली का, कालवणात मीठ दोनदा पडलं का, हे पाहायला दहादा उठायची. ही रोजची धास्ती मांजरासारखी पायात घोटाळे. सणाला तिचा वाघ होई. पहिल्या गौरीला तिचे वडे फुगले नव्हते. गुणाबाईनं त्यातला एक वडा हातात घेऊन आल्यागेल्याला दाखवला होता, "बघा, सूनबायनं चपला तळल्यात." सगळं घर हसलं होतं, नवरा राघोही हसला होता. तेव्हापासून दर सणाला काही ना काही चुकेच. घाबरलेल्या हातून चुकणार नाही तर काय होणार?

गुणाबाई दुष्ट होती असं मुळीच नाही. तिच्या सासूनं तिला जे दिलं ते तिनं जपून ठेवून सुनेला दिलं, इतकंच. फुटकं मडकंही टाकायचं नाही अशी तिची रीत होती.

गौरीचा सण लेकींचा. गौर माहेरी येते, तशा लेकी माहेरी येतात, झिम्मा घालतात, आयतं खातात. त्यांना वाढणारी जी असते तिलाही कुठं तरी माहेर असतं, हे मात्र भाद्रपदात कुणाला आठवत नाही. नणंद देवकी पोराबाळांसकट कल्याणहून आली होती. तिचा नवरा तिथं स्टेशनात हमाल. तो ओसरीवर पाय पसरून सांगत होता की विलायतेत लढाई लागली आहे, आता रॉकेल महागणार. लढाई तर गुणाबाईच्या घरात कधीचीच लागली होती, तिची बातमी देणारं कुणी नव्हतं एवढंच.

त्याच दुपारी जैतू आला. बाईजाचा धाकटा भाऊ. सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांचं घर. तिथून काळू नदी ओलांडून इथवर यायचं म्हणजे दिवसाची वाट. छातीपर्यंत भिजून आला होता. पाण्याचा तांब्या हातात घेतला नाही तोच म्हणाला,

"बाय, आय काय उठत नाय आता. पेज पन जात नाय. सारखं तुजंच नाव घेते. या गौरीला ये."

बाईजाचा हात तांब्यावरच राहिला. गुणाबाई आतून बाहेर आली. पाहुण्याशी ती नेहमी गोड बोलायची.

"आरं जैतू, आय माजी पन विहीणच ना? पन लेकी घरात आल्यात नि सून घर सोडून गेली, तर लोक मला काय म्हनतील? गौर बोळवली की लगीच धाडते. तवर काय होत नाय तिला."

"तवर राहते का नाय, कुनाला ठावं."

"तोंडात सनासुदीचं असं काय आनतोस रं?"

बाईजानं नवऱ्याकडे पाहिलं. राघो आढ्याकडे पाहत होता. तो भला माणूस होता, आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही, आणि घरात कठीण प्रसंग आला की त्याला आढ्यात काही तरी दिसत असे. जैतूनं भाकरी खाल्ली आणि आल्या पावली परतला. जाताना बहिणीला एवढंच म्हणाला, "मी तिला सांगतो, बाय येते."

दुसऱ्या दिवशी गौरीचं जेवण. ओटीवर तेरड्याची गौर लुगडं नेसून, हळदीकुंकू लावून बसली होती. गावातल्या बायका जमल्या होत्या, महादू भगत मानाचं पान घ्यायला येऊन बसला होता. बाईजा पहाटेपासून चुलीपुढं होती. कोंबडं शिजत होतं, वडे तळत होते, आणि प्रत्येक वड्याबरोबर तिच्या मनात एकच घोळत होतं, मी येणार म्हणून आय दाराकडे बघत असेल. छाती अशी उडत होती की आवाज बाहेर ऐकू जाईल असं तिला वाटलं. दोनदा ती कणगीकडे निघाली, दोन्ही वेळा कुणी तरी हाक मारली.

नैवेद्याचं ताट घेऊन ती ओटीवर आली. गौरीपुढं वाकली आणि ताट हातातून सुटलं. वडे, रस्सा, भात, सगळं गौरीच्या पदरावर.

गुणाबाई उठली. तिचा हात वर गेलाही. पण बाईजाचे हात थांबेनात. ताट पडलं तरी ते थरथरतच होते. मग खांदे थरथरू लागले, दात वाजू लागले, अंबाडा सुटला, आणि ती मटकन खाली बसली.

"आय, मारू नको," देवकी कापऱ्या आवाजात म्हणाली, "वयनीच्या अंगात आलीय."

गुणाबाईचा वर गेलेला हात तसाच खाली आला आणि दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला.

बाईजाला काय होतंय हे बाईजाला पुरतं ठाऊक होतं. देवीबिवी काही नव्हती. दर सणाला येतं तेच आलं होतं, फक्त आज हात घालायला कणगी जवळ नव्हती. पण कुणी तिच्या कपाळी मळवट भरला. कुणी पाय धुतले. देवकी पदरानं वारा घालू लागली. आणि राघो, ज्यानं कधी पाण्याचा पेला उचलून दिला नव्हता, तो तिच्यापुढं गुडघे टेकून बसला होता. तिला हसू यावं की रडू, हे कळेना.

महादू भगतानं ऊद घातला. "कोन तू, माय?"

बाईजा काही बोलली नाही. खोटं नाव सांगण्याचं धाडस तिला नव्हतं.

"बरं, नको सांगू. काय पायजे तुला? काय चुकलं आमचं?"

काय पाहिजे, असं त्या घरात तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. 'मला' म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, एवढं तिला त्या कंपातही कळत होतं.

"बाईजाला धाडा," ती म्हणाली. "तिच्या आयकडं. आजच्या आज."

"आमी धाडतो, माय," गुणाबाई म्हणाली आणि तिनं चक्क सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. "आत्ता धाडतो."

कंप उतरला. जन्मात कधी कणगीशिवाय उतरला नव्हता, तो त्या दोन शब्दांनी उतरला. बाईजा उठली, मळवट पुसला, एका फडक्यात लुगडं नि आईसाठी दोन वडे बांधले आणि अंगणात उतरली. आनंदानं तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

अंगणात महादू भगत आडवा उभा होता.

"पोरी, कुटं निघालीस?"

"आयकडं. देवीनं सांगितलं ना?"

"देवीचा शब्द खरा. पन तू आता झाड झालीस." अंगात देवी येते त्या माणसाला तिकडे झाड म्हणतात. "पयलं वारं आलं की झाडानं दसऱ्यापातूर शीव वलांडायची नाय. वलांडली तर देवी वाटेत उतरते नि गावाला पीडा लागते. बापजाद्यांपासनं असं हाय."

"मंग देवीनं असं कसं सांगितलं?"

महादू जरा अडला. पण भगताचा धंदा असा की फार वेळ अडून चालत नाही. "बाईजाला धाडा म्हनली ती. बाईजाच्या नावाचा नारळ नि अंगारा गेला म्हंजे बाईजाच गेली."

तेव्हा बाईजा जे कधी बोलली नव्हती ते बोलली. "मी झाड नाय हो. माज्या अंगात काय येत नाय. मला सनाला असंच होतं, पयल्यापासनं होतं. आत्याबाय, तुमी बगितलंय ना माजे हात कापताना?"

गुणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "बगितलंय गो. आमीच आंधळे. देवी इतकी वर्सं सांगत होती नि आमी तुला बोल लावत होतो."

"झाडाला आपलं आपल्याला कळत नाय," महादू सगळ्यांना समजावून म्हणाला.

ती तरी निघाली. तर वाटेवर बायका एकामागून एक तिच्या पायांशी आडव्या झाल्या. वहिनी म्हणणाऱ्या, काकी म्हणणाऱ्या, काल विहिरीवर तिला हसणाऱ्या. त्यांना तुडवून जायचं तर पाय वर उचलायला हवा होता. बाईजाला कधी कुणावर पाय उचलता आला नव्हता.

नारळ नि अंगारा घेऊन राघो गेला. आढ्याकडे न पाहता, कुणी सांगायची वाट न पाहता गेला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. गौर बोळवली, देवकी कल्याणला परतली, आणि मग तो आला. चिखलानं माखलेला. बाईजा ओसरीवर पाटावर बसली होती. आता तिला चुलीशी बसू देत नव्हते. त्याच्या तोंडाकडे पाहून तिला कळलं.

"मी गेलो तवा होती," तो म्हणाला. "शुद्धीत होती. जैतूनं सांगितलं, बाय आली नाय, पन बायच्या अंगात देवी आलीय, तिचा अंगारा आलाय. मी तिच्या कपाळाला लावला."

"काय म्हनली?"

राघोनं पुन्हा आढ्याकडे पाहिलं, पण तिथं काही सापडलं नाही.

"हात जोडलेन. म्हनली, देवीमाय, तू लेकीच्या अंगात आलीस, भलं झालं. आता एकडाव माजी बाईजा मला दिसू दे."

बाईजा रडली नाही. तिनं फक्त आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. आईनं देवी समजून त्यांनाच साकडं घातलं होतं.

पुढच्या वर्षी गौरीला आसपासच्या पाड्यांतून माणसं आली. गुणाबाई दाराशी उभी राहून त्यांना आत सोडत होती. तिच्या घराला आता मान होता, आणि सून घाबरट आहे असं कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याचं तोंड फोडलं असतं. कंप वेळेवर आला. तो येणारच होता, सण होता ना. लोकांनी ऊद घातला, आपापलं विचारलं. गाय का आटली, सोयरीक का मोडली. बाईजा गप्प बसे नि महादू तिच्या गप्प बसण्याचा अर्थ सांगे.

सगळ्यांत शेवटी एक कोवळी सून पुढं आली. चंद्रकला तिचं नाव, खालच्या आळीत त्याच साली दिलेली. पदर तोंडात धरून उभी होती. नमस्काराला हात पुढं केले तेव्हा ते थरथरताना बाईजानं पाहिले.

"माय, मला..." ती सासूकडे पाहून थांबली. "मला माहेरची लय सय येते. छातीत कसं तरी होतं. मी काय करू?"

महादू अर्थ सांगायला पुढं सरकला. पण या खेपेला देवी स्वतः बोलली.

"कुनाकडं काय मागू नको," बाईजा म्हणाली. "घरात कणगी हाय ना? तिच्यात हात घाल. कोपरापातूर. नि गप उभी राहा."

महादूनं ते मोठ्यानं सर्वांना सांगितलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, माना हलवल्या. त्या गावात अजूनही गौरीच्या नैवेद्याआधी सुना कणगीत हात घालतात. का, ते कुणी विचारत नाही. देवीचं सांगणं आहे.

दिवेलागणीला माणसं पांगली. बाईजा उठली, पाट घेऊन आत गेली. कणगीपाशी उभी राहिली, ओणवली, खाली, आणखी खाली. दोन दिवस आलेल्या-गेलेल्यांना जेवू घातलं होतं; देवीच्या दारातून कुणी उपाशी जाऊ नये म्हणून गुणाबाईनं तळचं भातही काढून दिलं होतं. बाईजाच्या बोटांना शेणानं सारवलेला कोरडा तळ लागला.

बाहेरून हाक आली. "माय, जरा बस गो, पाय चेपते तुजे."

"आले, आत्याबाय," बाईजा म्हणाली. आणि हात तसेच तळावर टेकवून ती कणगीत वाकून राहिली.