उलट्या मांडलेल्या चॉपस्टिक

शिगेकीच्या कोटाच्या खिशात नोबुएला चॉपस्टिकची कागदी पाकिटं सापडली. एक नाही, तीन, आणि तिन्हींवर एकाच खानावळीचं नाव. हा नवरा दर गुरुवारी क्लबात 'गो' खेळायला जातो म्हणून सांगायचा. खेळ म्हणे! सोबत कोण असते, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. कोणी असलीच, तर संध्याकाळच्या गाडीने ती बहिणीकडे जाणार होती. बॅग भरून तयार होती.

"लग्नाचा वाढदिवस आहे, आज दुपारी बाहेर जेवू," तिने पाकीट न दाखवता त्याच खानावळीचं नाव सांगितलं.

"कुठं आलं हे? मी नाही बुवा पाहिलेलं."

खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. तसे ते झाले.

खानावळीच्या मालकिणीने दोघांपुढे चॉपस्टिक मांडल्या. नोबुएपुढे रीतीप्रमाणे, टोकं डावीकडे. शिगेकीपुढे मात्र टोकं उजवीकडे, डावखुऱ्यासाठी मांडतात तशा. त्याने त्या घाईघाईने फिरवल्या. पण नोबुएच्या नजरेतून सुटतंय होय!

"हे नेहमी येतात वाटतं इथे?"

"दर गुरुवारी!" मालकीण हसली.

"आणि सोबत?"

"सोबत कोण असणार, बाई? एकटेच. त्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतात, डाव्या हाताने निवांत जेवतात. काळ्या सोयाबीनचा एक दाणा सांडतील तर शपथ."

सांडत नाहीत? घरी तर ताटाभोवती सडा पडायचा. लाखेच्या चॉपस्टिक निसरड्या म्हणून तिने बांबूच्या आणल्या, मग टोकाला खाचा असलेल्या. "लहान मुलं बरी तुमच्यापेक्षा," असं ती चारचौघांत सुनवायची.

मग तिला सोयरीक ठरली तेव्हाचं जेवण आठवलं. बाबांच्या कपाळावरची आठी पाहून तिनेच टेबलाखालून त्याला चिमटा काढला होता, "उजव्या हाताने जेवा, नाहीतर बाबा उठून जातील." बिचाऱ्याने हात बदलला. त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली.

"अहो, मला सांगायचंत तरी!"

"तूच डावा हात नको म्हणाली होतीस ना," तो मान खाली घालून म्हणाला.

नोबुएला स्वतःचीच लाज वाटली. तिने हात पुढे करून त्याच्या चॉपस्टिक पुन्हा उलट्या ठेवल्या.

शिगेकीने एकदा दाराकडे पाहिलं, जणू सासरे येतील. मग डाव्या हाताने त्याने समोर आलेल्या काळ्या सोयाबीनचा एकेक दाणा उचलला, सावकाश, चवीने.

टेबलावर पहिला दाणा सांडला तो नोबुएच्या हातून.