लाल बटण

पद्मिनीने टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि चौथीची मुलं झटकन मागे सरकली. गेल्याच वर्षी, १९८५ साली, दिल्लीत आणि आसपास ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेल्या बॉम्बनी माणसं मेली होती. तेव्हापासून चंडीगडमध्ये घरोघरी मुलांना एकच ताकीद होती, असल्या पेटीला हात लावायचा नाही.

प्रिन्सिपल मॅडमनी एकच तास दिला होता. मुलं घाबरली, तर पेटी कायमची कपाटात जाणार होती. पद्मिनीचं तर ठाम मत होतं, की मुलांचा हात लागत नाही ते यंत्र वर्गात असून नसून सारखंच.

तिने पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पेटीचं मागचं झाकणच उघडून दाखवलं.

"देखो, चार सेल, एक मोटर. बस."

मग तिने कॅसेट लावली. चंडीमंदिर छावणीतल्या लष्करी क्वार्टरमध्ये सकाळीच भरलेली तिच्या दहा महिन्यांच्या लेकीची बडबड वर्गभर घुमली. मुलं हळूहळू पुढे सरकली. एकटी हरलीन भिंतीला चिकटून होती.

"हरलीन बेटा, लाल बटण तू दाबायचं... मतलब, तुम दबाओ," पद्मिनी म्हणाली. उत्साहाच्या भरात तिची मराठी अशीच मध्ये घुसायची.

हरलीन आली. डोळे मिटून तिने आवाज भरायचं लाल बटण आणि शेजारचं 'प्ले', दोन्ही एकदम दाबली आणि कुजबुजली, "मैडम, ये फटेगा तो नहीं?"

पद्मिनीने कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. पेटीतून तेच कुजबुजणं आलं, "मैडम, ये फटेगा तो नहीं?"

अख्खा वर्ग खिदळला. हरलीनही हसली, आणि कुणी सांगायच्या आत तिचं बोट पुन्हा लाल बटणावर गेलं.