दोन नव्या राउटरांचा अबोला

धाकटी सून उपाशीच कामाला गेली, म्हणून सासूबाई डबा घेऊन तिच्या इस्पितळातल्या यंत्रांच्या खोलीत पोचल्या. डबा आपणच भरला, असं आल्याआल्या सांगून टाकलं. खरं तर सुनेच्या भुकेपेक्षा ही दिवसभर करते तरी काय, ते पाहायची खुमखुमी जास्त होती.

खोलीत गारठा, आणि कपाटभर हिरवे दिवे लुकलुकत होते. सासूबाईंचा आवाज आपोआप खाली आला.

सुनेनं मान वर न करताच सांगितलं, की चौदा दवाखाने आहेत आणि प्रत्येकात एक राउटर, निरोपाला वाट दाखवणारा. आधी प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडावं लागायचं, कारण त्यांचा नियमच तसा: घरात ऐकलेलं घरात दुसऱ्याला सांगायचं नाही. आता मधे एक थोरला नेमलाय, सांगायची मुभा फक्त त्याला.

"म्हणजे मी," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्यासारखाच, आई. फक्त हा तिखटमीठ लावत नाही."

सासूबाईंनी ते गिळलं, कारण पोरीचा चेहरा पार उतरला होता. आज उघडलेले दोन नवे दवाखाने जुन्या बाराही जणांना दिसत होते, ते बाराही त्यांना दिसत होते. फक्त एकमेकांना ते दिसेनात. हृदयाचा डॉक्टर नेमका एका नव्यात, रोगी दुसऱ्यात. बारा वाजेपर्यंत जमलं नाही तर साहेब सगळं उखडून जुना गुंता परत घालणार. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात. पावणेबारा वाजले होते.

सगळ्या घराशी बोलणाऱ्या आणि एकमेकींची खबर नसलेल्या दोघी सुना सासूबाईंच्या घरातही होत्या. त्याचं कारण त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"थोरल्याला सांगितलंस का गं, हे दोघे घरचेच म्हणून? परक्याचं तो घरच्यांना सांगेल. एका परक्याचं दुसऱ्या परक्याला कशाला सांगेल?"

सून कीबोर्डकडे वळली. मग दोघांच्या नावापुढे तिनं एकेक ओळ लिहिली.

रोगी असलेल्या नव्या दवाखान्यातल्या नर्सनं चाचणीसाठी स्वतःलाच ठोके मोजायच्या तारा लावून घेतल्या होत्या. पडद्यावर एक रेघ थरथरली आणि उड्या मारत चालू लागली. दुसऱ्या नव्यातून डॉक्टरांचा फोन आला, दिसतंय म्हणून. कधी न पाहिलेल्या बाईचं काळीज डोंगरापलीकडून आलं होतं, एक ठोका इकडचा तिकडे न होता. एवढ्या वर्षांत सासूबाईंनी एकही निरोप असा पोचवला नव्हता.

मग त्यांनी डबा उघडला.

"हा मोठीनं भरलाय. 'ती उपाशी गेली, मला घास उतरेना,' म्हणाली. एवढंच म्हणाली."