सुभेदाराची वाकडी करंगळी

सुभेदार म्हणून निवृत्त झालो, पण सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर मी सलाम ठोकला की कुंडलची पोरं फिदीफिदी हसतात. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळून बसलंय. सलाम कसला, भाकरीचा घास तोंडाकडे नेल्यासारखं दिसतं. हसू देत लेकाचे! मला धास्ती होती ती वेगळ्याच वाकडेपणाची. तो कुणाला दाखवण्याजोगा नव्हता. शेतीला वीज रात्रीची येते हे निमित्त काढून वर्षभर मी उसातल्या मोटरच्या खोलीत झोपत होतो, आणि घरात शालू, माझी बायको, आपलं काय चुकलं म्हणून झुरत होती. मला कळत होतं, जीव तुटत होता, पण सांगायचं कोणत्या तोंडानं?

शेवटी हाताचं दुखणं म्हणून तिनंच मला सांगलीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. आमच्याकडे दवाखान्यात दुखणं बाप्याचं असलं तरी बोलते बाई. मी आपला जीभ दाखवण्यापुरता.

डॉक्टर ऋचा आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "तळपायाला गाठ आहे का?"

"हाय की, डाव्या," शालू म्हणाली.

"वडिलांचा हात असाच होता?"

"मामंजींचं तर दोन्ही हात."

"कातडीखालचा पापुद्रा जाड होऊन आखडतो," डॉक्टर म्हणाल्या. "काही पुरुषांत तोच प्रकार हातात, पायात आणि लघवीच्या जागीही होतो. तिथं बाक येतो, दुखतं. तसं काही?"

शालूनं सवयीनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिला ठाऊकच नव्हतं. संसारात पहिल्यांदाच ती उत्तरासाठी माझ्याकडे वळली. 

"हाय," मी म्हणालो. "वरीस झालं."

"म्हणून मोटरवर निजायला जात हुता?"

"व्हय."

"आन् मी म्हनत हुते, मळ्यात कुणी बाई ठेवलीया का काय!"

ती हसायला लागली, हसता हसता रडली, पुन्हा हसली. मलाही आवरेना. हा कॅन्सर नव्हे, कुणाचा दोष नव्हे, उपचार आहेत, असं सांगून डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर त्या दुखण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. तो जिना मी नव्या रिक्रूटसारखा चढलो.

परतीच्या एसटीत शालूनं माझ्या धाकट्या भावाला, बाळासोला फोन लावला. "भावजी, आजपास्नं रातची मोटर तुमी बघा."

"किती दिस?"

"कायमची. ह्यांनी आता घरात निजायचं."

एसटीतल्या निम्म्या माना मागं वळल्या. मी खिडकीबाहेर बघत लाजून हसत होतो. इतकं हलकं किती महिन्यांत वाटलं नव्हतं.

बाळासो कुरकुरेल असं वाटलं होतं. तो तर खूश झाला. "चालंल की वैनी! मला बी अलीकडं घरात झोप लागत न्हाई."

शालूनं फोनवर हात ठेवला. "आवं, भावजींची करंगळी सरळ हाय का?"

मी आठवून पाहिलं. परवा त्यानं टाळी दिली, ती बुक्कीसारखी लागली होती. मी नकारार्थी मान हलवली.

"भावजी," शालू फोनवर म्हणाली, "मोटर ऱ्हाऊ द्या, ऊस वाळला तर वाळू द्या. उद्या जाऊबाईला घिऊन सांगलीला या."