‘उ’ आणि ‘डा’

मित्रांनो, मी एक जुनी, जांभळ्या रंगाची, व्यायामाची चटई आहे. माझ्या एका टोकाला चार खोल खड्डे आहेत आणि मधोमध लाल नेलपॉलिशने काढलेली दोन अक्षरे आहेत. डाव्या बाजूला ‘उ’ आणि उजव्या बाजूला ‘डा’. म्हणजे उलटी. ती चुकली आहेत की बरोबर आहेत, यावर आमच्या घरात बरेच वाद झाले. तुम्ही आधी सगळे ऐका, मग ठरवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. यंत्रातून मऊ रबराचा लांबच लांब पट्टा बाहेर यायचा, वरून पाते पडायचे आणि आम्ही एकमेकींपासून वेगळ्या व्हायचो. मला घट्ट गुंडाळून एका खोक्यात घातले. सोबत व्यायामाची सीडी होती. खोक्यावर सपाट पोटाची एक हसरी बाई होती आणि खाली लिहिले होते, ‘घरबसल्या व्हा सडपातळ!’ तेव्हा मी कोरी होते. मला ते खरे वाटले. माणूस माझ्यावर उभा राहिला की बारीक होतो, अशी माझी समजूत होती.

मला विकत घेतले एका बसचालकाच्या बायकोने. त्या दोघांना मी त्यांच्या लेकीसारखेच आई आणि बाबा म्हणते. बाबा दिवसभर बस चालवायचे. त्यांचे पोट स्टिअरिंगला टेकायला लागले होते. आई म्हणायची, “बस हातानं वळवता की पोटानं?”

रोज सकाळी आई टीव्हीसमोर मला पसरायची. टीव्हीतली बाई आपल्याकडे तोंड करून उभी असायची. ती “उजवा पाय” म्हणाली की तिचा उजवा पाय हलायचा, पण पाहणाऱ्याला तो डावीकडे दिसायचा. आईचा गोंधळ व्हायचा. म्हणून तिने एक दिवस शिवणयंत्रावरची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि टीव्हीत दिसते तसेच माझ्यावर लिहून टाकले, डावीकडे उजव्याचा ‘उ’ आणि उजवीकडे डाव्याचा ‘डा’.

बाबा तिच्या डावीकडे उभे राहायचे. ते आवाज ऐकून उजवीकडे सरकायचे, आई अक्षरे बघून डावीकडे. दोघांचे खांदे आपटायचे.

“अगं, उजवा म्हणतेय ती! हा बघ उजवा!”

“मी बरोबर, टीव्ही बरोबर. तुम्हीच उलटे.”

मग बाबा हसत हसत खुर्चीवर बसायचे ते उठायचेच नाहीत. तिथूनच टाळ्या वाजवायचे. टीव्हीतली बाई मात्र दोघांनाही सारखेच म्हणायची, “छान! असंच चालू ठेवा!” तेव्हा मला पहिल्यांदा कळले की त्या बाईला काही दिसत नाही.

मग एका सकाळी आई ओट्यापाशी कोसळली. तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. दवाखान्यातून ती परत आली नाही.

त्यानंतर आईची बहीण, म्हणजे लेकीची मावशी, या घरात येऊन जाऊन असायची. एकदा ती बाबांना म्हणाली, “भाऊजी, ताईची ती सीडी लावत जा. अंगाला हालचाल होईल, मनालाही बरं वाटेल.”

“रोज उड्या मारणारी गेली,” बाबा म्हणाले. “खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणारा राहिला. मला नका सांगू व्यायामाचं.”



घरातले कपडे धुण्याचे मशीन फिरताना थडथडायचे आणि जागा सोडून पुढे यायचे. बाबांनी माझी घडी घातली, अक्षरे आत गेली, आणि मला त्या मशीनखाली सरकवले. माझ्या अंगावरचे चार खड्डे तेव्हाचे आहेत. साबणाचे पाणी माझ्यात मुरले. आता असेच कुजून जायचे, असे मी धरून चालले होते.

मित्रांनो, पुढे जे झाले ते मला तिथे, त्या अंधारात ऐकू आले. लेकीचे डोळे पिवळे पडले होते. ती कॉलेजातून सुटी काढून घरी आली होती आणि जिना चढतानाच तिला धाप लागत होती. तिचे यकृत निकामी होत चालले होते. दुसऱ्या कुणाच्या यकृताचा तुकडा काढून तिला बसवायचा, हा एकच उपाय होता. मावशीचा रक्तगट जुळला नाही. बाबांचा जुळला.

“मग अडलंय कुठं?” मावशीने विचारले.

बाबा म्हणाले, “माझ्या यकृतावर चरबी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं यकृत घेता येत नाही. तुम्हालाही धोका आणि तिलाही. दोन महिन्यांत उतरवा, मग बघू.”

“आणि नाही उतरली तर?”

थोड्या वेळाने मशीन एका बाजूने उचलले गेले आणि मला उजेड दिसला.

बाबांनी मला घासून धुतले, वाळवले आणि टीव्हीसमोर पसरले. डॉक्टरीणबाईंनी खाण्याचे पथ्य दिले होते आणि रोज घाम येईपर्यंत चालायला सांगितले होते. पण दिवसभर लेकीजवळ थांबलेली मावशी संध्याकाळी घरी जायची; मग कामावरून आल्यावर लेकीला एकटे सोडून बाहेर जायचे कसे? म्हणून ती धूळ खात पडलेली सीडी निघाली.

पहिल्या दिवशी सुरुवातीच्या हालचालींतच बाबांचे पाय एकमेकांत अडकले. कान सांगत होते उजवा, डोळे सांगत होते डावा. ते धापा टाकत माझ्यावर बसले. टीव्हीतली बाई म्हणाली, “छान! असंच चालू ठेवा!”

“कप्पाळ छान!” बाबा तिच्यावर ओरडले.

पलंगावर पडलेली लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. “बाबा, तिचं ऐकू नका. खाली बघा. आईनं लिहिलंय तसे पाय टाका.”

“ते उलटं आहे.”

“टाकून तर बघा.”

बाबांनी खाली बघितले. ‘उ’ म्हटले की ‘उ’वर पाय, ‘डा’ म्हटले की ‘डा’वर. आणि काय सांगू! त्यांचे पाय टीव्हीतल्या बाईच्या पायांबरोबर पडू लागले, आरशात पडावेत तसे. बाबा एकदम थांबले. मग पुन्हा पाय टाकू लागले.

त्या दिवसापासून लेक पलंगावरून हुकूम सोडायची. “गुडघा वर! अजून वर! बस चालवताय का? गिअर नका टाकू, पाय टाका!” टीव्हीतली बाई न बघता शाबासकी द्यायची. लेक बघायची, आणि कधीच द्यायची नाही.

बाबांचे वजन कमी होऊ लागले. ते मला पावलांखाली कळत होते. पण यकृतावरची चरबी मला कशी कळणार? मध्यंतरीच्या तपासणीहून बाबा आले आणि बूट न काढताच बसले. चरबी थोडी उतरली होती. पुरेशी नव्हती. इकडे लेकीच्या पोटात पाणी साठू लागले होते.

बाबा घाबरले. त्यांनी जेवण तोडले. कुणाला न सांगता डबा तसाच परत आणू लागले. आणि एका संध्याकाळी, उड्या मारता मारता, ते माझ्यावर आडवे पडले. त्यांचा गाल ‘डा’वर टेकला होता. लेक “बाबा! बाबा!” करत पलंगावरून उतरली. तिला उभे राहवत नव्हते. ती भिंत धरून आली आणि बाबांच्या शेजारी बसली. त्या क्षणी दोघेही माझ्यावर होते आणि दोघांपैकी कुणाचाच भार मला नीट लागत नव्हता. टीव्हीतली बाई म्हणत होती, “छान! आणखी एकदा!”

घरी जायला निघालेली मावशी जिन्यावरून धावत परत आली. तिने बाबांना पाणी पाजले आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. “भाऊजी, तुम्हीच आडवे झालात तर हिला यकृत कोण देणार, हा टीव्ही? उद्यापासून मी वाढीन तेवढं जेवायचं. पथ्याचं, पण पोटभर. आणि ती डॉक्टरीण सांगेल तेवढंच नाचायचं.”

“वेळ नाही हो,” बाबा म्हणाले.

पुढचे दिवस मी कसे काढले, ते माझे मला माहीत. बाबा वेळेवर जेवायचे, कामावर जायचे, आले की अक्षरांवर पाय टाकायचे. लेकीचा आवाज क्षीण होत गेला. आधी ती वाक्य बोलायची, मग नुसते “गुडघा”, मग फक्त बोट वर करायची. बाबा ते बोट बघून गुडघा उचलायचे.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी बाबा दारातूनच ओरडले, “घेतलं! माझं घेतलं!” जणू कुठल्या शाळेत प्रवेश मिळाला होता.

लगेच पिशव्या भरल्या गेल्या. दाराला कुलूप लागले. घाईत मला कुणी गुंडाळलेच नाही. मी तशीच पसरलेली राहिले, तोंड दाराकडे करून.

घर गप्प होते. माझ्यावर धूळ बसली. एकदा कुलूप उघडले. एकाच माणसाची पावले. मावशी कपडे न्यायला आली होती. ती माझ्या कडेवर बसली आणि तोंडावर हात धरून रडली. आनंदाने की दुःखाने? मित्रांनो, रडणे दोन्हीचे सारखेच ऐकू येते. ती गेली आणि मी पुन्हा वाट बघत राहिले.

मग बऱ्याच दिवसांनी जिन्यावर पावले वाजली. सावकाश, थांबत थांबत. मी कान दिला. मावशीची चप्पल मला ओळखू आली. तिच्यामागे बाबांचे पाऊल, हलके झालेले. आणि त्याच्यामागे, भिंत धरून, आणखी एक.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी द्यायला पुढे बरेच महिने लागले. तेही फक्त सीडीच्या सुरुवातीच्या हळू हालचालींना. लेक माझ्यावर अक्षरांपाशी उभी राहिली. बाबा तिच्या डावीकडे उभे राहिले. तिच्या पायांखाली अक्षरे झाकली गेली, म्हणून ते पुन्हा आवाज ऐकू लागले. बाई म्हणाली, “उजवा.” बाबा उजवीकडे सरकले, लेक डावीकडे. दोघांचे खांदे आपटले.

दोघेही थबकले. मग लेक म्हणाली, “मी बरोबर, टीव्ही बरोबर. तुम्हीच उलटे.”

बाबा खुर्चीवर बसले नाहीत. डोळे पुसले आणि पुढचे पाऊल टाकले.

मित्रांनो, लोक विचारतात, घरी सीडी लावून व्यायाम केल्याने खरेच काही होते का? खोक्यावर लिहिले होते तसे नाही होत. आई रोज व्यायाम करायची, तरी गेली. त्याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण त्या बाईला तुम्ही दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवा. तुम्ही पडलात तरी ती छानच म्हणणार. तुमच्या घरात कुणी चटई पसरली, तर थोडा वेळ जवळ बसा आणि गुडघा किती वर जातो ते बघा.

आणि कपडे धुण्याचे मशीन थडथडत असेल तर त्याच्याखाली दुसरे काहीतरी घाला.